नोंद क्र. ४१ : सियाज हॉलो

फ्रिस्को शहराच्या उत्तरेला शेतं संपून घरं उठत होती. बुलडोझर यायच्या आत तिथल्या ओढ्यांची, चढउतारांची जुनी नावं टिपून ठेवायचं काम हिमानीकडे होतं. नकाशा विभागातली साधी नोकरी. सोबत फॉर्म, रेकॉर्डर आणि उन्हाची टोपी. एका नावाला दोन साक्षीदार लागत. नोंद झाली तर भराव थांबे. नाही झाली, तर सोमवारी ट्रक येणार.

नाव: ______

मिसेस हॅचर, वय एक्याण्णव, यांनी काठीनं ओढ्याकडचा खळगा दाखवला. "सियाज हॉलो." सियाचा खळगा.

हिमानीचं पेन थांबलं. "परत सांगता?"

"सिया. माझी आजीही हेच म्हणायची."

चार वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात पोटातच गेलेल्या मुलीसाठी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, सुशांतनं, हेच नाव ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर एकमेकांपाशीही कधी उच्चारलं नव्हतं.

कुणावरून: ______

"छोटी मुलगी आहे. आईची वाट बघते. आम्ही पोरं वरून हाका मारायचो. पण आपला आवाज परत येत नसे हं. नुसतं 'ओ' यायचं. आजी रागवायची, तिला उगाच फसवू नका म्हणून."

दुसरा साक्षीदार: ______

"माझ्या वयाचं उरलंय कोण इथं, हनी?"

हिमानीनं गाडीपाशी जाऊन सुशांतला फोन लावला.

"तू कुणाला नाव सांगितलं होतंस?"

"कसलं नाव? मी मीटिंगमध्ये..." मागे दार लागल्याचा आवाज आला. "नाही गं. कुणालाच नाही. हिमू, ड्राइव्ह करू शकशील ना? की मी येऊ?"

"येते मी. एवढं एक काम राहिलंय."

उच्चार, जागेवर जाऊन, तीनदा: ______

दुपारचे तीन. गुडघाभर गवत, त्यात निळी फुलं. पलीकडे पिवळा बुलडोझर उन्हात तापत उभा. तिनं रेकॉर्डर सुरू केला.

"सिया."

वारा. दूर हायवे.

दुसऱ्यांदा आवाज आपोआप बदलला. पान वाढल्यावर आतल्या खोलीकडे तोंड करून मारतात तशी हाक निघाली.

"सियाऽ!"

"ओ."

गवतातून. अगदी जवळून.

तिसरी हाक तिनं मारली नाही. रेकॉर्डर बंद केला.

"चल," ती म्हणाली. "घरी जाऊ."

मागे न बघता, सावकाश, लहान पावलांना जमेल अशा चालीनं ती गाडीपर्यंत आली. मागचं दार उघडलं. जरा थांबली. लावलं.

इंजिन सुरू केल्यावर समोर लाल दिवा लागला: मागच्या सीटवर कुणी बसलंय, बेल्ट लावलेला नाही.

सीट रिकामी होती.

ती वळली. बेल्ट ओढून खटकन लावला.

दिवा विझला.

मग तिनं फॉर्म मांडीवर घेतला, वरचं सगळं कोरं ठेवलं आणि शेवटची ओळ भरली.

शेरा: जागा रिकामी. भराव घालायला हरकत नाही.