शेजारच्या खुर्चीतला माणूस

मे महिन्यातल्या त्या दुपारी बँकेच्या शाखेतली वीज गेली आणि इन्व्हर्टरवर चालणारा एकच संगणक उरला. गृहकर्ज विभागातल्या आकाश नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मग समोर आलेल्या दोघांनाही एकाच टेबलापाशी बसवले. त्यांतली एक दीपमाला, वाळूजच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गोळ्यांची शुद्धता तपासणारी. दुसरा सुदर्शन, खुलताबादच्या सरकारी दवाखान्यातला गुरांचा डॉक्टर. दोघांनी एकमेकांना त्याआधी कधीही पाहिलेले नव्हते.

पंखा थांबला होता. सुदर्शन आपल्या फायलीने वारा घेऊ लागला आणि थोड्या वेळाने ती फाइल किंचित तिच्या बाजूला कलली... तिने ते पाहिले. तिने पाहिल्याचे त्यानेही पाहिले.

"वारा फुकट आहे," तो हलकेच म्हणाला. "याला पात्रता लागत नाय."

ती हसली नाही. मात्र त्यासाठी तिला बरेच श्रम पडले.

आकाशने दोघांच्याही पगाराच्या पावत्या घेतल्या, काही आकडे भरले आणि दीपमालाला सांगितले की तिने पाहून ठेवलेल्या पडेगावच्या घरापुरते कर्ज तिला निश्चित मिळेल. खुशाल इसार द्यावा. हिशेब कसा केला, असे तिने विचारले. आकडा सिस्टिमने काढला आहे, असे उत्तर मिळाले. प्रयोगशाळेत कुणी असे उत्तर दिले असते, तर तिने तो अहवाल परत पाठवला असता. पण आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलत आलेल्या मनकर्णाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, ते घर फार आवडले होते. माणसाला जे हवे असते, त्याचा पुरावा तो सहसा मागत नाही. तिने साठवलेले सगळे पैसे इसार म्हणून घरमालकाला दिले. मुदतीत व्यवहार झाला नाही, तर ते परत मिळणार नव्हते.

जुलैत ती कर्जाच्या सह्या करायला गेली, तेव्हा आकाशने तिच्या मागे दाराकडे पाहिले. "मिस्टर आले नाहीत?"

"कोणाचे?"

"तुमचे, मॅडम. मागच्या वेळी सोबत होते ते. दोघांचा पगार धरूनच तर रक्कम काढली होती."

एकटीच्या पगारावर तिला त्याच्या निम्मेही कर्ज मिळत नव्हते. तिने लेखी तक्रार केली. उत्तर आले की अर्जदार पती-पत्नी म्हणून शाखेत आले होते, पतीने नंतर माघार घेतली, त्यामुळे बँक जबाबदार नाही. दीपमालाने ते उत्तर उभ्याउभ्याच वाचले. तिच्या संमतीवाचून बँकेने तिचे लग्न लावले होते आणि गरज पडताच मोडूनही टाकले होते. तेही 'तुम्ही एकमेकांचे कोण?' एवढे साधे विचारण्याची तसदीही न घेता. वीस रुपयांच्या गोळीचा दोष झाकला, तर तिच्या कारखान्यात माणसाची नोकरी जाई. इथे तिच्या आईचे घर गेले होते आणि त्याला गैरसमज असे नाव दिले गेले होते.

पुढच्या रविवारी, अर्जावरचा त्याचा पत्ता शोधून ती खुलताबादला गेली. डोंगरावर भुरभुर पाऊस होता. सुदर्शन दवाखान्याच्या पडवीत एका शेळीचा पाय बांधत बसला होता. तिला पाहून त्याचा हात थांबला.

तिने सगळी हकिगत क्रमवार सांगितली. पुनर्विचारासाठी आपण बँकेच्या विभागीय कार्यालयात जाणार आहोत आणि त्यासाठी त्याचे लेखी निवेदन हवे, असेही सांगितले. त्याने पट्टीची गाठ आवळली. मग म्हणाला, "म्हणजे... मी तुमचा कोणी लागत नाय, असं मी लिहून द्यायचं?"

"हो. सही आणि तारखेसह."

"लई अवघड काम सांगितलं तुम्ही."

"यात अवघड काय आहे? ते खरं आहे."

"व्हय, खरं आहे," तो म्हणाला आणि शेळीकडे वळला. "म्हणूनच."

निवेदन चार ओळींचे होते. त्याच्या मसुद्यासाठी त्यांना इतक्यांदा का भेटावे लागले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण उपलब्ध नाही. देवगाव रंगारीतले आपले आईवडील शहरात यावेत म्हणून तोही घर शोधत होता आणि त्या दिवशी बँकेत नुसत्या चौकशीला आला होता, हे तिला कळले. रागावली की ती अधिक शुद्ध बोलते, हे त्याला कळले. तो मुद्दाम एखादा शब्द चुकीचा लिही. ती खोडून दुरुस्त करी. आणि दोघेही कागदावर झुकलेले असताना... कुणी लगेच मागे सरत नसे. दरम्यान मुदत संपली. घरमालकाने इसार ठेवून घेतला आणि घर दुसऱ्याला विकले. मनकर्णाबाईंनी बांधून ठेवलेली भांडी पुन्हा फळीवर लावली, हेच दीपमालाला सर्वांत असह्य झाले.

सुनावणी विभागीय कार्यालयात एका वयस्क अधिकारी बाईंपुढे झाली. त्यांनी सुदर्शनचे निवेदन वाचले. आकाशने मात्र तयारी केली होती. शाखेतल्या शिपायाने या दोघांना खुलताबादेत एकाच ताटलीतली भजी खाताना पाहिले होते. "मॅडम, अनोळखी माणसं अशी भजी खातात का?" त्याने विचारले.

बाईंनी चष्मा काढला. "दीपमाला, स्पष्ट सांगा. तुमचं यांच्याशी नातं काय आहे?"

'काहीही नाही' एवढे दोनच शब्द पुरे होते. तेवढ्यावर तिला तक्रार तिथेच जिंकता आली असती. सुदर्शन टेबलाकडे पाहत होता. ती तेच म्हणेल, हे त्याने गृहीत धरले असावे.

दीपमालाचा संताप आता पूर्ण शांत झाला होता, म्हणजे टोकाला पोहोचला होता. "मे महिन्यात आम्हाला एकमेकांची नावंही ठाऊक नव्हती," ती म्हणाली. "आमची ओळख या बँकेच्या चुकीमुळे झाली. परिणाम कारणाच्या आधी घडत नाही, त्यामुळे ऑगस्टमधली भजी मे महिन्यातला पुरावा ठरत नाहीत. आता आजचं. आज नातं आहे. माझ्या बाजूनं तरी आहे... हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा नोंदीत घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा."

सुदर्शनने मान वर केली.

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी आकाशला एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी यांना तुम्ही विचारलं होतं का? "नाही," आकाश म्हणाला. बुडालेला इसार बँकेने भरून द्यावा, असा निर्णय त्यांनी तिथेच लिहवून घेतला.

जिन्यात दीपमाला वेगाने उतरत होती. पैसे परत मिळतील, पण घर मिळणार नाही, असे ती म्हणत होती. एका माणसाने एक प्रश्न विचारला असता तर एवढे झालेच नसते. आणि माफीचा एक शब्दही कुणी उच्चारला नाही...

"दीपमाला."

ती थांबली. त्याने तिला प्रथमच नुसत्या नावाने हाक मारली होती.

"त्या कागदावर सही करताना हात लई जड झाला होता माझा," तो म्हणाला. "रविवारी घरी येऊ का? आईंना भेटायला."

तिने पायरीवरूनच त्याच्याकडे वळून पाहिले. "कोण येणार आहे, म्हणून सांगू तिला?"

"ते तू ठरव," सुदर्शन म्हणाला. "फक्त... बँकेला विचारू नको."