दुपारची आई

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ऑफिसातल्या सगळ्यांना एक ईमेल पाठवायचे. नवा फोन घेतलात तर कुठली सेटिंग बंद करायची, कुठली वेबसाइट तुमच्या मित्रांचे पत्ते मागते, मुलांचे फोटो कुठे टाकू नयेत. दुबईतल्या एका इन्शुरन्स कंपनीची आयटी सिक्युरिटी माझ्याकडे होती. शेजारच्या टेबलावरचा कमरुद्दीन मला 'पासवर्ड मॅडम' म्हणायचा. मला त्याचं काही वाटत नसे.

२००९मध्ये माझ्या नवऱ्याची, हेमचंद्रची, एका बिल्डरकडची नोकरी गेली. आमच्या मुलीला, शुभ्राला घेऊन तो पुण्याला परतला आणि तिला तिथल्या शाळेत दुसरीत घातलं. दुबईच्या करामा भागातला फ्लॅट सोडून मी शहराच्या कडेला, इंटरनॅशनल सिटीत स्टुडिओ घेतला. एक खोली, पलंग, खिडकीखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप. संध्याकाळी बसमधून उतरून, तोंडावरची वाळू धुऊन मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावायचे. चित्र अडकायचं, आवाज मागून यायचा. शुभ्रा शाळेतलं सांगत असताना मी बाजूला ऑफिसचे मेल उघडून ठेवायचे. हेमचंद्रच्या ते लक्षात यायचं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी तिला उंटाच्या पिल्लाची गोष्ट सांगायला लागले. नुकतीच बसमध्ये सुचलेली, कोणालाच न सांगितलेली.

"यू ऑलरेडी टोल्ड मी," शुभ्रा म्हणाली. "दुपारी."

हेमचंद्रनेही तेच सांगितलं. आठवडाभर मी दुपारी कॉल करतेय, शुभ्राचा होमवर्क घेतेय, फार बरं वाटतंय. दुपारी मी ऑफिसात असते, असं मी म्हटलं. तो हसला. मी बॉसपासून लपवतेय असं त्याला वाटलं.

कोणीतरी माझं अकाउंट उघडून जुनं रेकॉर्डिंग दाखवतंय, असं मी धरून चालले. पासवर्ड बदलला. लॅपटॉप पूर्ण पुसून सगळं नव्याने टाकलं. कॅमेऱ्यावर काळी टेप लावली, दाराचं कुलूप बदललं. वॉचमन तय्यबला विचारलं, तर दुपारी या मजल्यावर कोणी फिरकत नाही, असं तो म्हणाला. कॉल थांबले नाहीत. आणि रेकॉर्डिंग पाढे कसे तपासेल? शुभ्रा चुकली की पडद्यावरची आई तिला थांबवायची, समजावून सांगायची, पुन्हा म्हणून घ्यायची.

मी हेमचंद्रला सगळं सांगितलं. दुपारचा कॉल घेऊ नकोस, म्हटलं.

"अनु," तो म्हणाला, "ती घाई करत नाही."

'तू' म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टॅक्सी करून घरी आले. दार उघडलं. खिडकीच्या पडद्यातून पिवळट ऊन येत होतं, एसी घरघरत होता. लॅपटॉप मिटलेला, चार्जर काढून गुंडाळलेला, सकाळी ठेवला होता तसाच. टेबलासमोरची खुर्ची रिकामी. मी पलंगावर, त्या खुर्चीच्या पाठीमागे बसले आणि हेमचंद्रला मोबाइल लावला.

त्याने उचलला. मागे शुभ्रा सातचा पाढा म्हणत होती. ती चुकली. तेव्हा कोणीतरी जिभेने हलकं 'च्' केलं.

ती सवय माझी आहे. माझ्या आईचीही होती.

"ती आत्ता समोर आहे?" मी विचारलं.

"हो."

"तिच्या मागे काय दिसतंय?"

"तुझी खोली. दार. पलंग."

मी मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत होते.

"अजून?"

"पलंगावर कोणीतरी बसलंय." त्याचा आवाज खाली गेला. "कानाला फोन लावून. चेहरा नीट दिसत नाहीये."

मी मोकळा हात वर केला.

"आता?"

"तिने हात वर केला."

पाढा थांबला.

"हेम, ती मी आहे," मी म्हटलं. "पलंगावरची मी आहे. शुभ्राला तिथून उठव."

मग फोनमधून, जरा लांबून, माझाच आवाज आला. शांत, अजिबात घाई नसलेला. कोणाचा फोन आहे, असं तो हेमचंद्रला विचारत होता.

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, कट इट ना," शुभ्रा म्हणाली. "वी आर नॉट डन."

"राँग नंबर आहे," हेमचंद्रने त्या आवाजाला सांगितलं.