गजा शिकलेली तार

मुलांनो, जरा पायांखाली लक्ष द्या. समजा, तुमच्या रस्त्याखाली पुरलेल्या इंटरनेटच्या तारेला कान आहेत. तुम्ही लंगडी घातलीत तरी तिला कळतं. कोयनेच्या खोऱ्यात, डोंगरमाथ्यावरच्या झोऱ्यांच्या वाडीत अशी एक तार होती. ती वाडीखालून निघून दूर खोऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायची. भूकंपाची चाहूल लागली की गावोगावच्या इशाऱ्याच्या घंटा वाजवायची.

एका वर्षी बिरोबाच्या जत्रेत मात्र तारेचा घोटाळा झाला. बिरूनाना ढोल वाजवत होते, वाडीतले धनगर रंगात येऊन गजा नाचत होते, आणि तारेला वाटलं, भूकंपच झाला. खालच्या गावांत घंटा वाजल्या. पळापळीत एका म्हाताऱ्याचा पाय मोडला.

मग भूकंप वेधशाळेच्या मुजावर मॅडम वाडीत आल्या.

"नाना, एक तर जत्रेत गजा बंद ठेवा. नाही तर वाडीचा तुकडा तारेतून तोडावा लागेल. मग तुमच्याकडे घंटा वाजणार नाही."

"बिरोबापुढं नाचायचं न्हाई? त्यापरीस भूकंप परवडला," नाना म्हणाले.

"देऊळ डोक्यावर पडलं म्हंजी असंच म्हणा हां, भावजी," त्यांची वहिनी चुलीपासून बोलली.

तिची दहा वर्षांची लेक भागी मॅडमनी आणलेल्या संगणकाच्या पडद्यासमोर बसली होती. "तारेला ऐकू कसं येतं?"

"तारेतून आम्ही उजेडाचे ठोके सोडतो. जमीन केसाच्या अंशाइतकी ताणली, तरी परत येणारा उजेड बदलतो."

"आन् भूकंप कसा वळखायचा?"

"भूकंप दोन लाटा पाठवतो. पहिली वेगवान, पण हलकी. नुसती टिचकी मारते. दुसरी मागून येते आणि भिंती पाडते. तारेच्या कुठल्याही टोकाला टिचकी कळली की सगळीकडे घंटा वाजते. दोन लाटांमध्ये जितके सेकंद जातील त्यांना आठानं गुणायचं. साधारण तितके किलोमीटर भूकंप लांब."

"टिचकी कुठली आन् पाय कुठले, हे तारेला कुणी शिकवलं?"

"तारेला जोडलेल्या यंत्राला आम्हीच शिकवलं. शहरातले ट्रक, रेल्वे, रस्ते फोडण्याचा आवाज, सगळं ऐकवलं."

"गजा?"

मॅडमनी मान हलवली. "तो कुणी ऐकवलाच नाही."

"मग ऐकवा की."

नाना तयार होईनात. देवाचा नाच मशिनीपुढं नाचायचा नाही, म्हणाले.

"मशिनीपुढं न्हाई, नाना. भुईवरच नाचायचाय. मशीन खाली गुमान ऐकल."

"वकीलच हुयाची तू," नाना म्हणाले, आणि ढोल उतरवायला उठले.

शेळ्या चरून आल्या की रोज गजा होऊ लागला. संथ, जलद, चिखलात, कोरड्या भुईवर. मॅडम ते सगळं यंत्राला ऐकवत राहिल्या.

पुढच्या वर्षीची जत्रा आली. ढोल घुमला, रुमाल उडाले, आणि घंटा गप्प राहिली. नानांनी भागीकडे पाहून मिशीत हसून घेतलं. सगळे तालात आले असताना घंटा वाजली.

"परत चुकली गं तुझी शिष्यीण," कुणी तरी ओरडलं. नानांचा हात थांबला नाही. नाचणारे उघड्यावर होते, पण दगडी देवळात म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बसल्या होत्या. त्यांतलं कुणी उठेना.

भागीनं धावत जाऊन दोन्ही पंजे ढोलावर ठेवले. ढोल थांबला, नाचणारे पायही थांबले. एकही टिपरू पडत नव्हतं, तरी तिच्या पंजांखाली कातडं बारीक थरथरलं.

"टिचकी!" ती म्हणाली. "देवळातल्यांना भाईर काढा. एक... दोन..."

नाचणारे देवळाकडे धावले. तिनं सहा म्हणताच देवळाची घंटा कुणी न ओढता वाजली, कळसाचा तुकडा ढासळला आणि जमीन झुलून शांत झाली. दारातल्या रिकाम्या चटईवर दगड पडले होते.

"खरं बोलली पोरगी," म्हणत नाना खालीच बसले. "किती लांब गं?"

"सहा आठे अठ्ठेचाळीस. खोऱ्याच्या त्या टोकाला."

सगळे तिच्याभोवती जमले. भागीला मात्र कौतुक ऐकायला वेळ नव्हता. तिनं आईचा फोन घेतला आणि मॅडमना लावला.

"मॅडम, आमाला मोजायला वेळ मिळाला. पण भूकंप ज्यांच्या पायाखालीच झाला, त्यांना घंटा आधी ऐकू यावी म्हणून आता काय शिकवायचं?"