न्यायासनाखाली

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गुरुपादप्पा त्या दिवशी नेहमीसारखे कोर्टात निघाले. निकाल वाचायचा आणि जेवायला घरी यायचं, इतकंच काम होतं. आधी वकील, मग आमदार, आता न्यायाधीश. माणसानं एका जन्मात आणखी किती चढायचं?

कोर्टाला जागा हवी म्हणून आमदार असताना त्यांनीच लिंगायतांचा मसनवटा सरकारला मिळवून दिला होता. तिथला राखणदार मलप्पा इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात उतरून बसला. आमची माणसं खाली बसलेली हायती, त्यांच्या डोक्यावर भिंती घालू नका, एवढंच त्याचं म्हणणं. लिंगायत मेलेल्याला निजवत नाहीत. मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून बसवतात. गुरुपादप्पा स्वतः लिंगायत, त्यांना हे कुणी सांगायला नको होतं. तरी ठेकेदार नरसिंगला ते म्हणाले, "उठव त्याला तिथनं."

नरसिंगनं पहार घातली. आधी खांदा गेला, मग कवटी फुटली. त्यानंतरचे घाव उगीचच होते. मलप्पा तोवर मेला होता. रक्त त्या कोरड्या मातीनं घटाघटा पिऊन टाकलं.

प्रेत सापडलं नाही. आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या कोर्टात त्याच खुनाचा खटला, पिंजऱ्यात तोच नरसिंग आणि न्यायासनावर गुरुपादप्पा. दुसऱ्यानं लाजेनं खटला सोडला असता. पण लाज बाळगून कुणी एवढं वर चढत नाही. आदल्या संध्याकाळी नरसिंग बंगल्यावर येऊन हळूच सांगून गेला होता, "तुमच्या खुर्चीच्या बरोबर खाली हाय, सायेब. तुमच्या रिवाजानं बसवलाय."

समोर मलप्पाची बायको गौरम्मा उभी होती.

"त्याला सोडा न्हाईतर फाशी द्या, सायेब. मला फकस्त जागा सांगा. मालकाच्या कपाळाला इभूत लावायची राह्यलीय."

जागा सांगायला एक वाक्य पुरे होतं. गुरुपादप्पांनी मान खाली घातली आणि वाचायला घेतलं. मृत्यूच सिद्ध होत नाही, सबब आरोपीस...

पंखा थांबला. ओल्या मातीचा वास आला. अख्ख्या लातुरात ओली माती नव्हती.

मग त्यांना खाली काहीतरी टणक लागलं. थंडगार गुडघे. ते कुणाच्या तरी मांडीवर बसले होते.

उठू गेले तर कमरेला हात पडले. त्यांचा उजवा पाय वर उचलला गेला, दुमडला, आणि हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. मग डावा. मांडी पुरी झाली. डावा तळहात कुणीतरी उताणा करून तिच्यावर ठेवला.

"गौरम्मा... जागा..." एवढं बोलायला तोंड उघडलं, तर आतून मातीचा लगदा आला. पाठोपाठ कवटी मधोमध फुटली. डोळे उघडेच राहिले.

नरसिंग पिंजऱ्यात किंचाळत होता, माणसं एकमेकांना तुडवत पळत होती. गौरम्मा तेवढी न्यायासनावर चढली. तिनं कनवटीची इभूत काढून त्या रक्ताळलेल्या कपाळाला लावली, चेहरा नीट निरखला, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.

"उठा," ती म्हणाली. "घरला चला."

नंतर फरशी फोडली, तेव्हा खाली बसल्या माणसाएवढा खड्डा निघाला, रिकामा. न्यायाधीशांचं प्रेतही कुणाला मिळालं नाही. दारावरचा शिपाई एवढंच सांगतो, की गौरम्मा निघून गेली तेव्हा तिच्यामागून कुणीतरी मोडक्या पायांनी चाललं होतं. ती त्याच्याशी, घरी मलप्पाशी बोलायची तशी, कानडीत हळूहळू बोलत होती, आणि तिला उत्तरं मिळत होती.