रिकाम्या बाजूचे तीन दाणे

माशांच्या टाकीच्या रिकाम्या अर्ध्या भागात, मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर, शनिवारी सकाळी एक खड्डा होता. रुंदी सोळा सेंटिमीटर, खोली अकरा मिलिमीटर. कडा गोल होत्या आणि उपसलेली खडी एकाच बाजूला टाकलेली होती. मी पट्टी पाण्यात घालून मोजले. मोजल्याशिवाय एखादी गोष्ट पाहिली असे मला वाटत नाही.

त्या भागात मासा नव्हता. नऊ वर्षांत नव्हता.

पाच फुटी टाकी मलेशियात, इपोहमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, देवाच्या फळीसमोर ठेवलेली आहे. मधोमध पारदर्शक प्लास्टिकचे पार्टिशन. त्याला चार-चार मिलिमीटरची भोके आहेत. डावीकडे तौके राहतो. तौके म्हणजे शेठजी. हे नाव बाबांनी ठेवले. तो लोहान जातीचा नर आहे, एकतीस सेंटिमीटर लांब, कपाळावर मुठीएवढे टेंगूळ, कुशीवर काळ्या डागांची ओळ. हात पाण्यात गेला तर चावतो. उजवीकडे फक्त खडी आणि एक उभी दगडी पाटी, वर्षानुवर्षांच्या शेवाळाने हिरवी झालेली.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. टाकी तेवढी मी चालू ठेवली होती. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे ते अवघड नव्हते.

त्याच सकाळी धाकट्या बहिणीचा, मुनचा, निरोप आला. ती जोहोरला राहते.

"ताई, तिसऱ्यांदा विचारतेय. एक तारखेपासून इपोहच्या दवाखान्यात नोकरी मिळालीय. इथली खोली पुढच्या रविवारी सोडायची आहे. वरची खोली मोकळी आहे ना? मी आणि हुइ मिन, दोघीच. नाही म्हणालीस तरी चालेल, पण काहीतरी म्हण."

हुइ मिन तिची मुलगी. पाच वर्षांची. मी तिला पाहिले नव्हते.

मी लिहिले, "कळवते." हेही तिसऱ्यांदा.

नऊ वर्षांपूर्वी बाबांनी तौकेसाठी एक मादी आणली होती. तिच्यासाठी त्यांनी गाडी विकली. लोहानाची जोडी जमवायची तर मध्ये पार्टिशन ठेवून आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. दोघे एकमेकांना पाहतात, सवय होते, मग एके दिवशी पार्टिशन काढतात. तो दिवस चुकला तर नर मादीला मारून टाकतो. मुन तेव्हा एकवीस वर्षांची होती. मादी दिवसभर भोकांना तोंड लावून बसते हे तिला बघवेना. बाबा डेपोत बसगाड्या दुरुस्त करायला गेले असताना तिने पार्टिशन काढले. वीस मिनिटांत सगळे संपले.

बाबा खूप बोलले. शेवटी मुन म्हणाली, "तुम्हाला मासा हवा की मी?"

बाबा म्हणाले, "मासा."

ती पिशवी घेऊन गेली. संध्याकाळी जेवायला परत येईल, असे बाबांना वाटले होते. चार माणसांची ताटे त्यांनीच मांडली. आई तेव्हा होती. त्यानंतर बाबांनी दुसरी मादी आणली नाही आणि पार्टिशनही काढले नाही.

मरणाच्या आदल्या दिवशी, इस्पितळात, त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले: "मुनला घरात घ्यायचं नाही. शब्द दे." मी दिला. मी शब्द क्वचितच देते, आणि दिलेला मोडत नाही.

शनिवारचा खड्डा मी हाताने सपाट केला. रविवारी तो त्याच जागी होता, एकोणीस मिलिमीटर. फिल्टरच्या पाण्याच्या धारेमुळे होत असेल म्हणून मी धारेचे तोंड वळवले. सोमवारी खड्डा होताच. मग मी फिल्टरच बंद ठेवला आणि तौकेपुरता हवेचा पंप लावला. मंगळवारी खड्डा तेवीस मिलिमीटर होता. मी बारा मिलिमीटर व्यासाचे दहा पांढरे गोटे आणून रिकाम्या बाजूला एका रेषेत मांडले. पार्टिशन जवळजवळ वरच्या झाकणापर्यंत पोहोचते, मध्ये फट फक्त तीन मिलिमीटरची. झाकणाच्या चापांना मी सुतळी बांधली.

बुधवारी सकाळी सुतळीची गाठ माझीच होती. दहाही गोटे कोपऱ्यात, एकावर एक, ढीग करून ठेवलेले होते.

पाण्याची धार गोटे ढकलू शकते. ती ते रचत नाही.

सव्वासातला लिओंगकाका आले. हे बाबांचे मित्र, शेजारीच राहतात. कॉफीच्या दुकानातून घरी जाताना रोज येतात. बोटाला अडकवलेली कॉफीची पिशवी, दुसऱ्या हातात भिंग. तौकेच्या कुशीवरचे डाग वाचून ते लॉटरीचा आकडा ठरवतात. बाबा असतानाही येत, नसतानाही येतात.

"काय शेठजी, आज कितीचा भाव? सात... नाही, हा दोन आहे. लिन, जरा दिवा लाव."

"काका, ते डाग आहेत."

"तुला डाग दिसतात, म्हणून तू अजून नोकरी करतेस."

"आणि तुम्हाला आकडे दिसतात, म्हणून तुम्ही अजून सायकलवर फिरता."

ते खूश होऊन हसले. मग हसता हसता त्यांची नजर उजवीकडे गेली आणि भिंग खाली आले.

"मादी कधी आणलीस?"

"आणली नाही."

"मग पाटी कोणी घासली?"

मी ते पाहिलेच नव्हते. हिरव्या पाटीच्या मधोमध तळहाताएवढा गोल स्वच्छ झाला होता. खाली मूळचा काळा दगड दिसत होता.

"अंडी घालायच्या आधी घासतात," काका म्हणाले. "तोंडाने. आणि खड्डा पिल्लांसाठी खणतात. तू कशाला खणलास?"

"मी नाही खणला."

काकांनी भिंग पुन्हा पाटीकडे नेले. कॉफी प्यायचे राहून गेले.

"तुझा बाप रोज संध्याकाळी सहाला दाणे टाकायचा," ते म्हणाले. "तू कामावरून सातला यायचीस, तुला माहीत नसेल. आधी तौकेच्या काचेवर ती हिरव्या जेडची अंगठी वाजवायचा. दोनदा, मग थांबून एकदा. त्याला दाणे टाकायचा. मग इकडे यायचा, या रिकाम्या बाजूला. इथेही वाजवायचा, आणि तीन दाणे टाकायचा."

"कोणासाठी?"

"मीही तेच म्हटलं. अरे म्हाताऱ्या, खाणार कोण? पाणी खराब होईल. तर म्हणाला, आली तर?"

मी सिंकपाशी जाऊन पट्टी धुतली. ती स्वच्छच होती.

इस्पितळातला शेवटचा दिवस मला आठवला. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, त्यामुळे बोलता येत नव्हते. बाबा खाटेच्या लोखंडी कठड्यावर अंगठी वाजवत होते. दोनदा, मग थांबून एकदा. पुन्हा पुन्हा. आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. त्यांना तहान लागली असेल असे समजून मी चमच्याने पाणी पाजले होते. फोन कोणाला लावायचा, हे विचारले नव्हते.

"दाणे टाकून बघ," जाताना काका म्हणाले.

मी टाकले नाहीत.

गुरुवारी सकाळी पाटीवर अंडी होती. ओळींत लावलेली, मधाच्या रंगाची. फोटो मोठा करून मी मोजली: तीनशे बारा. तौके पार्टिशनला चिकटून होता आणि त्याच्या बाजूचे पाणी किंचित दुधाळ झाले होते. नराचे बीज त्या भोकांतून पलीकडे जाते, पैदास करणारे लोक तसे करतातही. तेवढे मला समजावून सांगता आले असते. अंडी नाही.

राखण करणारा मासा नसेल तर अंड्यांवर बुरशी येते आणि दीड दिवसात ती पांढरी पडतात. शुक्रवारी तीन पांढरी होती. संध्याकाळी तीनही दिसली नाहीत. कोणीतरी वेचून काढावीत तशी त्या जागा रिकाम्या होत्या. फिल्टर बंद होता. पाटीसमोर, अंड्यांपासून चार बोटांवर, पाण्यातली धूळ हलत होती. हलायची, थांबायची, हलायची, मादी परांनी अंड्यांवरचे पाणी ढवळते तशी. मी घड्याळ लावले. मिनिटाला बेचाळीस वेळा.

मी बोट काचेवर ठेवले. धूळ हलायची थांबली. बोट काढले, आठ सेकंद गेले, पुन्हा सुरू झाली.

मला भीती वाटली, हे इथे नोंदवायला हवे. पण त्याहून जास्त वाटले ते असे, की मी कोणाच्या तरी कामात अडथळा आणते आहे.

शनिवारी प्रयोगशाळेत माझी पाळी होती. एक अंडे मी बाटलीतून नेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आत हृदय चालू होते. बाजूच्या टेबलावरच्या नूरैनीने डोकावले. "कोणाचं बाळ आहे, दीदी?"

"माहीत नाही," मी म्हटले. प्रयोगशाळेत हे वाक्य मी फार कमी वेळा उच्चारते.

दुपारी परतल्यावर ते अंडे मी पाटीच्या पायथ्याशी सोडले. हात धुऊन येईपर्यंत ते खाली नव्हते. वर, ओळीतल्या त्याच मोकळ्या जागी होते.

संध्याकाळी मी वरची खोली उघडली. मुनचा पलंग, उन्हाने फिकट झालेला पडदा. चादर बदलली. मग ती काढून पुन्हा जुनी घातली आणि दार लावून घेतले. शब्द दिलेला होता, आणि तो परत घेणारा माणूस राहिला नव्हता.

रविवारी सकाळी पाटी कोरी होती.

एकही अंडे नव्हते. मी खुर्ची ओढून बसले. नऊ वर्षांपूर्वी मुन याच जागी बसली होती, ओल्या हातांनी, मेलेली मादी मांडीवर घेऊन. मी तेव्हा दारातूनच बघत होते. जवळ गेले नव्हते. बाबा येण्याआधी तिला काहीतरी म्हणता आले असते. मी काही म्हटले नाही.

लिओंगकाका आले. त्यांनी भिंग काचेला लावले. पाटीकडे नाही, खाली.

"रडतेस काय? खड्ड्यात बघ."

खड्ड्याच्या तळाशी, काळ्या खडीवर, एक पिवळसर गोळा थरथरत होता. पिल्ले होती. शेपट्या हलत होत्या, अजून पोहता येत नव्हते. पाटीपासून खड्डा अडतीस सेंटिमीटर लांब. पिल्ले तिथे आपण होऊन जात नाहीत. आई ती तोंडात धरून नेते, चार-पाच, चार-पाच करून, आणि हळूच ठेवते.

"तौके बघ," काका हळू आवाजात म्हणाले.

तौके पार्टिशनला कूस टेकवून स्वस्थ पडला होता. मी माझा हात त्याच्या बाजूच्या पाण्यात घातला. तो चावला नाही.

"असा टेकला की दिवस आला, असं तुझा बाप म्हणायचा. पोरीने एक दिवस घाई केली, एवढंच. एक दिवस." त्यांनी भिंग खिशात घातले. "पोरीला बोलावून घे, असं मी त्याला सांगायला हवं होतं. रोज येत होतो. पण आकडे बघून निघून जात होतो."

त्या दिवशी त्यांनी आकडा लिहून घेतला नाही.

संध्याकाळी सहाला पाच मिनिटे असताना मुनचा फोन आला. मी तो फळीवर ठेवून आवाज मोठा केला, कारण डाव्या हातात दाण्यांची बरणी होती आणि उजव्या हातात झाकण.

"ताई, सामान बांधून झालंय," मुन म्हणाली. मागे लहान मुलीचा आवाज येत होता, काहीतरी सापडत नाही म्हणून. "टेम्पोवाला विचारतोय, कुठं न्यायचं. तू नाही म्हण, मी रागावणार नाही. मी काही आता एकवीसची नाही."

"एक मिनिट थांब."

तौकेला मी त्याचे दाणे टाकले. मग उजवीकडे आले आणि झाकणातून तीन दाणे पाण्यावर सोडले.

ते तरंगत राहिले.

"ताई? काय करतेस?"

"दाणे टाकतेय."

"तौके आहे अजून?" तिचा आवाज बारीक झाला.

"आहे. म्हातारा झालाय."

पहिला दाणा खाली गेला. बुडाला नाही, ओढला गेला. पाण्यावर छोटे वर्तुळ उमटले.

दुसरा.

तिसऱ्याला थोडा वेळ लागला. मग तोही.

 फिल्टर बंद, पंखा बंद. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हते.

आणि काचेवर वाजले.

दोनदा. मग थांबून एकदा.

बोटाच्या हाडाचा आवाज नव्हता, दगडाचा होता. जेड काचेवर वाजते तसा. बाबांची अंगठी आम्ही त्यांच्या बोटातून काढली नव्हती. ती त्यांच्याबरोबरच गेली. माझ्या एका हातात बरणी होती, दुसऱ्यात झाकण.

फोनवर पलीकडे सगळे शांत झाले होते. लहान मुलीचा आवाजही.

"ताई," मुन म्हणाली, "हे बाबांसारखं कोणी वाजवलं?"

मी खाली पाहिले. खड्ड्यातला गोळा थरथरत होता. त्याच्यावरची धूळ हलत होती, थांबत होती, हलत होती. तौके टेकून होता, भोकाला ओठ लावून.

मी बरणी खाली ठेवली. झाकण ठेवले.

"मुन," मी म्हटले, "टेम्पोवाल्याला इपोहचा पत्ता दे. रात्रीच्या बसने हुइ मिनला घेऊन घरी ये. आणि पार्टिशन मी काढत नाही. ते तू येऊन काढ."