थोरल्याची गाडी

गाडीचं डावीकडचं दार उघडलं आणि मी दचकले, कारण ते दार बाहेरून उघडतच नसे.

दिंद्रुडच्या बाजारात सीताफळं घ्यायला थांबले होते. आभाळ सकाळपासून भरून आलेलं, पण पाऊस काही पडत नव्हता. मी काच खाली करून भाव करत होते, तेवढ्यात एका म्हातारीनं ते दार जरा वर उचललं, मग ओढलं आणि शेजारी येऊन बसली. पदर सावरत म्हणाली, "लई उशीर केलास गं. चल आता."

"कुठं जायचंय आजी?"

"कुठं म्हंजी? घरी! भारत कुठंय?"

मी भारत नावाच्या कुणालाही ओळखत नव्हते. आणि त्या दाराशी माझं गाडी घेतल्यापासून भांडण चाललं होतं. माजलगावच्या मेकॅनिकनं ते खोलून पाहिलं, शेवटी म्हणाला होता, "ऱ्हाऊ द्या मॅडम, तसंबी तुमी एकट्याच असता." मला राग आला होता. खरं होतं म्हणून जास्तच आला.

मी राजनंदिनी, गुरांची डॉक्टर. नोकरी सरकारी, खोली माजलगावला भाड्याची, आई-वडील लातूरला. खेड्यापाड्यांतले रस्ते बघून ही छोटी एसयूव्ही घेतली होती. जुनी, करडी, आणि क्लच इतका जड की संध्याकाळी डावा पाय ठणकायचा. "एक हाती गाडी आहे, मालक परगावी गेलाय," बीडच्या एजंटनं सांगितलं होतं.

तेवढ्यात समोरच्या दूध डेअरीतून एक उंच माणूस धावत आला. अनवाणी, हातात दुधाचं माप तसंच. गाडीपाशी पोचला... आणि गाडीकडं बघतच राहिला.

"ही... ही आमची गाडी हाय," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "म्हंजे, व्हती."

तो गहिनीनाथ. म्हातारी त्याची माय, साखराबाई. त्यानं खूप विनवलं, पण ती उतरेना. लोक जमायला लागले.

"मागं बसा," मी म्हणाले. "एक चक्कर मारू. मग उतरतील."

घरी सोडल्यावर ती खुशीत आत गेली आणि तो दारात उभा राहून सांगत राहिला. गाडी थोरल्या भावाची, भारतची. रोज संध्याकाळी मायला फिरवून आणायचा. त्याचं लग्न जमलं होतं, आणि लग्नाच्या तोंडावर तापानं फणफणला तो दवाखान्यातून परत आलाच नाही. मायचं डोकं त्यानंतर फिरलं. ती दिवसभर गाडीत जाऊन बसायची, भारत येईल म्हणून. जेवायलाही उतरायची नाही.

"म्हनून इकली. जिल्ह्याभायेर दे म्हनलो व्हतो एजंटला."

"त्यानं मला दिली."

"मॅडम, एक इनंती करू? ह्या रस्त्यानं... येऊ नका."

मी मान हलवली आणि निघाले. रस्ताभर मात्र चिडले होते. रस्ता काय ह्याच्या मालकीचा?

तरी मी पुढं बरेच दिवस दुसऱ्या वाटेनं, वळसा घालून जात राहिले. डिझेल जास्त जायचं आणि सारखे त्याचे धुळीनं भरलेले अनवाणी पाय आठवायचे. मग एका सकाळी तो आमच्या दवाखान्यात हजर.

"जनावर कुठंय?" मी विचारलं.

"जनावर न्हाई. माय जेवंना... गाडी आली न्हाई म्हनती."

"तुम्हीच म्हणालात, येऊ नका."

"चुकलो."

"परत म्हणा."

"चुकलो, मॅडम." पहिल्यांदाच हसला तो. हसला आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवलं.

तेव्हापासून दिंद्रुडच्या बाजाराच्या दिवशी माझी गाडी त्यांच्या दारात लागायला लागली. माय पुढं, तो मागं. उसाच्या फडांमधून, कॅनॉलच्या कडेनं एक फेरी. परत आली की माय भाकरी खायची. तिच्या मनानं तिला सगळं जुळवून दिलं होतं. गाडी भारतची, मग चालवणारी भारतची बायको. मी तिची थोरली सून झाले होते.

"गहिन्या, वैनीच्या पाया पड," एकदा तिनं फर्मावलं.

"पडतो," तो मागून म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला हसू आलं होतं. त्याला आलं नव्हतं.

माय डुलक्या घ्यायला लागली की आम्ही हळू आवाजात बोलायचो.

"मॅडम, गिअर लई जोरात टाकता. दादा हळू टाकायचा."

"दादांनी लाडावून ठेवलीय गाडी. मी वळण लावतेय."

"मलाबी लागायलंय... थोडं थोडं."

मी आरशात पाहिलं. तो आरशातच बघत होता.

"तुम्ही बरोबर मधोमध का बसता हो?"

"मधी पायाला जागा हाय."

"मधी? खोटं बोलता."

"व्हय," तो म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे.

मी त्याच्या प्रेमात पडले होते. इतकी की तीन हातांवर बसलेल्या माणसाची आठवण यायची. पण बोलायचं कसं? बोललो तर मायच्या लेखी मी दिराशी लग्न लावणारी वहिनी. खरं सांगावं, तर तिचा भारत पुन्हा एकदा मरणार, आणि ती जेवणार नाही. एका संध्याकाळी खोलीवर कपडे वाळत घालताना मनात आलं, माय गेल्यावर मग... तिथंच थांबले. हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

त्यालाही तेच सुचलं असावं, कारण पुढच्या फेरीला तो मायच्या पाठीमागं, कडेला जाऊन बसला. आरशात नुसती रिकामी सीट दिसत राहिली.

दिवाळी तोंडावर आली आणि मायनं हट्ट धरला. "सून मोकळ्या हातानं हिंडती. लोक मला नावं ठिवत्याल. चुडा भर."

खतीजाचाचीच्या बांगड्यांच्या दुकानात गर्दी होती. बाहेर पावसाची बारीक चिरचिर चालू झालेली. साऱ्या बाजाराला माहीत होतं मी कोण, भारत कुठं गेला ते, आणि माय काय म्हणते तेही. मी हात पुढं केला तशा बायका बोलायच्या थांबल्या. चाचीनं हिरव्या बांगड्या काढल्या, माझा हात हातात घेतला आणि दाबलाच नाही. नुसता धरून ठेवला.

"बेटी," ती अगदी हळू म्हणाली, "गेलेल्याच्या नावानं भरू? बिनलग्नाची पोरगी तू..."

माय दुकानाच्या तोंडाशी लटकणाऱ्या बांगड्यांत रमली होती. मी गहिनीनाथकडं पाहिलं. तो चौकटीला धरून उभा. त्यानं नको म्हटलं असतं तर माय तिथंच कोसळली असती. गप्प राहिला असता, तर मी त्याच्या गावासमोर त्याच्या मेलेल्या भावाची झाले असते, आणि मी ते होऊ दिलं असतं. हात मागं घेण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

तो आत आला. माझ्या शेजारी मातीतच टेकला.

"चाची, भरा," तो हळूच म्हणाला. "पन माज्या नावानं भरा. मायला कळू द्यायचं न्हाई."

चाचीनं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग माझा पंजा दाबून एकेक बांगडी चढवायला लागली. मी रडत होते. मायला वाटलं, बांगड्या दुखतायत.

"पैल्यांदा दुखतंय गं पोरी," तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "भारत लई खूश हुईल बघ."

मायला पुढं बसवलं, दार लावलं आणि आम्ही गाडीच्या मागं येऊन उभे राहिलो. पाऊस अंगावर येत होता.

"तुमच्या नावानं म्हणालात," मी म्हणाले. "मला विचारलंत?"

"आता इचारतो. चालंल का?"

"चालेल. पण आईंना कधीच सांगायचं नाही."

"न्हाई."

"मग त्या आहेत तोवर मी तुमची वहिनी. बाकी काही नाही. कितीही वर्षं."

त्यानं माझ्या हिरव्या हातांकडं पाहिलं. हात लावला नाही. आतून मायनं हाक मारली, थोरल्या सुनेला, घरी जायला उशीर होतोय म्हणून.

"माय लई वर्षं जगू दे," तो म्हणाला. तो रडत होता आणि मनापासून म्हणत होता.

"लई वर्षं," मी म्हणाले, आणि जाऊन गाडी सुरू केली.