स्लाइडची उसंत

मास्तरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर हौसेपोटी एक जुना लेथ आणला, धातू कातायचा, टेबलावर मावेल एवढा. मागच्या खोलीत खिडकीशी मास्तरीणबाईंची खुर्ची होती, तिच्यासमोरच तो मांडला. बाईंना झटका येऊन गेल्यापासून मास्तर त्यांना एकटं सोडत नसत. बाईंना सगळं कळायचं, बोलताही यायचं, फक्त उत्तर उशिरा यायचं. चहा घेतेस का विचारावं, आधण आटत यावं, तेव्हा कुठे “घेते” ऐकू यायचं. आणि मास्तर पडले उतावळे. तेवढ्या वेळात त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आता ही बोललीच नाही तर, या एकाच भीतीने त्यांच्या मनात घर केलं होतं.

लेथ ज्या बाईकडून घेतला, तिच्या नवऱ्याचा होता तो. नवरा गेल्यावर तिने हातचं काही न राखता सगळं देऊन टाकलं, तेलाची कुपीसुद्धा. निघताना एवढंच म्हणाली की आडव्या स्लाइडला थोडी उसंत आहे, ती राहू द्या, आमचे हे कधी काढायचे नाहीत. कारखान्यात ज्याला प्ले म्हणतात त्याला तिच्या घरी उसंत म्हणायचे. हँडल फिरवलं की आधी ते थोडं रिकामंच फिरतं, मग हत्यार धरलेली स्लाइड हलते, ती उसंत. मास्तरांना शब्द आवडला, सल्ला नाही.

त्यांनी स्लाइड उतरवली, स्क्रू बाहेर काढला. आट्यांत जुनं ग्रीस मेणासारखं बसलं होतं आणि त्यात पितळेचा कीस रुतलेला. रॉकेलात भिजवून, दात घासायच्या ब्रशने त्यांनी आटा न् आटा साफ केला. स्लाइड ज्यावरून सरकते त्या पट्ट्यांवर बोटाने तेलाचा पातळ हात फिरवला. खोलीभर रॉकेलचा वास झाला. बाईंनी नाक मुरडलं, तेही उशिराच. सगळं परत जोडताना मास्तरांनी स्क्रूवरचा नट किंचित आवळला. हँडल आता कमी रिकामं फिरू लागलं.

त्या संध्याकाळी बाईंचं उत्तर लवकर आलं. औषध लागू पडलं म्हणून मास्तर खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नट आणखी आवळला, उत्तर आणखी लवकर आलं. आता मास्तर भूमितीचे, सिद्धतेशिवाय कशाला मानतील? त्यांनी नट मुद्दाम सैल करून पाहिला. भूक लागली का, एवढ्या साध्या प्रश्नाला बाईंनी इतका वेळ लावला की वाढलेला भात गार झाला. त्यांनी धावत जाऊन नट पुन्हा आवळला आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

उसंत पार संपली तसं घर बोलायला लागलं. मीठ जास्त पडलं म्हणून नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. मास्तर हरले आणि स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले. शहाण्याने इथे थांबायचं. पण हँडलला अजून केसभर ढिलाई त्यांच्या बोटांना जाणवत होती, तीही त्यांनी काढली.

“नको, आत्ताच घेतला,” बाई म्हणाल्या. मास्तर चहाचं विचारायला नुकते वळत होते.

“मनातलं ओळखायला लागलीस की!” म्हणून ते हसले.

मग एका सकाळी बाई मध्येच म्हणाल्या, “डाव्या खिशात.” दुपारी चष्मा सापडेना, तेव्हा मास्तरांनी विचारलं, कुठे ठेवलाय गं मी? बाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांचं सांगून झालं होतं.

मास्तरांनी डावा खिसा चाचपला, चष्मा तिथेच होता. त्यांनी नट सैल केला. मग काढूनच टेबलावर ठेवला. आता हँडल किती फिरवलं तरी स्लाइडने हलायचं काही कारण नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि बोटं हँडलला टेकायच्या आधीच स्लाइड सरकली.

काही दिवसांनी बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “निळी.”

थोड्या वेळाने, “छातीत. डावीकडे.”

मग बराच वेळ गेला. मग अगदी मऊ आवाजात, “हो, ऐकू येतंय ना. हात नका सोडू.”

त्यानंतर बाई बोलल्याच नाहीत. डॉक्टरांना नवीन काही दोष दिसेना. मास्तरांना मात्र कळून चुकलं होतं. उत्तरं संपली होती, प्रश्न तेवढे त्यांच्याकडे उरले होते. ते विचारलेच नाहीत तर हात सुटायची ती वेळ येणारच नाही, असा हिशेब करून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. ताट न विचारता वाढायचे, दिवा न विचारता मालवायचे. मास्तरांनी मौन धरलंय, म्हणून शेजारी चेष्टा करायचा.

थंडी पडली. दोन्ही हातांत शाली घेऊन उभे असताना त्यांच्या तोंडून निसटलंच, “कुठली देऊ?”

 मग मास्तरांनीच निळी बाईंच्या अंगावर घातली.

एका दुपारी बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुठे दुखतंय?” मास्तर ओरडले, आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

आता एकच प्रश्न उरला होता. शेजारी डॉक्टरांना आणायला धावला. मास्तर बाईंचा हात धरून बसले, ओठ दातांखाली दाबून. त्यांनी विचारलं नाही. बाईंचा श्वास अडखळू लागला तरी विचारलं नाही.

तरीही बाई गेल्या. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि मान हलवली. मी तर विचारलंच नाही, मग हे कसं, असं मास्तर स्वतःशी म्हणत राहिले. हातातला हात गार झाला.

शेजारीपाजारी बाईंना उचलायला आले तेव्हा मास्तरांचा धीर सुटला. ते बाईंच्या कानाशी वाकले.

“ऐकू येतंय का गं तुला?”



“चला मास्तर, हात सोडा आता,” शेजारी हलकेच म्हणाला, आणि त्याने मास्तरांची बोटं एकेक करून सोडवली. सगळी सोडवून झाली, तरी बाईंच्या हातातून हात सुटेना.